घरची मराठी आणि मुलांचं इंग्रजी

गुढीपाडवा जवळ आला की कोल्हापुरात जरगनगरातल्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिराबाहेर पालकांच्या रांगा लागल्याच्या बातम्या येतात. पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून आईवडील आदल्या रात्रीपासून रांगेत बसलेले असतात. शाळा महापालिकेची, माध्यम मराठी. त्याच शहरात राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्कात अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जागा मिळवण्याची धडपड चाललेली असते. वरवर पाहता या दोन वाटा एकमेकींच्या उलट जाणाऱ्या वाटतात. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या पालकांच्या मनात एकच इच्छा असते: पोराला इंग्रजी आलं पाहिजे. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग आता गावोगावी आहेत. त्यामुळे इंग्रजी हवं की नको, हा वाद कोल्हापूरच्या घरांमध्ये कधीच संपला आहे. उरलेला प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्यावर बोललं मात्र फार कमी जातं. शाळा दिवसातले चार-पाच तास सांभाळते. बाकीचा दिवस मूल घरी असतं. त्या वेळात इंग्रजीसाठी घरानं नेमकं काय करायचं?

या प्रश्नाला पालकसभेत ठरलेलं उत्तर मिळतं: ‘घरी इंग्रजीत बोलत जा.’ सांगणाऱ्या शिक्षिकेचा हेतू चांगला असतो, ऐकणारी आईही मनापासून ऐकते. पण घरी गेल्यावर ती काय बोलणार? तिचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, इंग्रजी वाचता येतं, थोडंफार कळतं, बोलायची सवय नाही. मग घरात एक निराळीच बोली सुरू होते. ‘वॉटर पी’, ‘हँड वॉश कर’, ‘बनाना फिनिश कर’, ‘तो बघ डॉगी’, ‘शूज काढ, फ्लोअर डर्टी होईल’. ही बोली आज कोल्हापुरातल्या कुठल्याही बागेत, रंकाळ्याच्या काठावर, लग्नाच्या हॉलमध्ये कानावर पडते. तिच्यामागे असतो तो केवळ मुलाच्या भल्याचा विचार, त्यामुळे तिला हसण्याचं काहीच कारण नाही. पण ती मुलाला इंग्रजीकडे नेत नाही, एवढं स्पष्ट सांगायला हवं. माझं म्हणणं असं आहे की, ज्या घराची बोलण्याची भाषा मराठी आहे त्या घरानं मुलाच्या इंग्रजीसाठी सर्वांत आधी आपलं मराठी बोलणं वाढवावं. इंग्रजीला घरात जागा द्यावी. ती छोटी असावी, रोजची असावी, आणि मुलाला ती माणसाच्या सोबतीनं मिळावी. मराठी कमी करून ती जागा करू नये.

आधी त्या बोलीकडे नीट पाहू. ‘बनाना फिनिश कर’ या वाक्यात इंग्रजीतून आलेली एक वस्तू आहे आणि एक क्रिया आहे. वाक्य जोडण्याचं सगळं काम मराठीच करते. मुलाला केळ्याचं दुसरं नाव कळलं. इंग्रजी वाक्य कसं उभं राहतं, हे मात्र त्याच्या कानावर पडलंच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ नामाला मागून चिकटतो, इंग्रजीत तो सुटा राहून नामाच्या आधी येतो. इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जोडच नाही. मुलाला पुढे जे जड जाणार आहे ते हे आहे. फळांची, रंगांची, प्राण्यांची नावं तर शाळेच्या पहिल्याच वर्षात कुठलंही मूल गोळा करतं. शिवाय या बोलीत दुसरं एक नुकसान होतं, ते चटकन दिसत नाही. तिच्यात वाक्यं आखूड होतात. आई ज्या भाषेत सहज बोलू शकते तिच्यात ती म्हणाली असती, ‘पाय धुतल्याशिवाय आत आलास तर सगळी फरशी चिखलानं भरेल, आणि मग आजीचा पाय घसरला म्हणजे?’ या एका वाक्यात अट आहे, परिणाम आहे, दुसऱ्या माणसाचा विचार आहे, आणि अजून न घडलेल्या गोष्टीची कल्पना आहे. चार वर्षांचं मूल हे वाक्य ऐकतं तेव्हा त्याचा मेंदू ‘जर-तर’ची गाठ सोडवायला शिकत असतो. पुढे शाळेत त्याच अर्थाची इंग्रजी वाक्यरचना समोर आली की त्याला फक्त नवे शब्द आणि नवा क्रम शिकायचा असतो, विचार ओळखीचा असतो. ‘शूज काढ, फ्लोअर डर्टी’ एवढंच ऐकत वाढलेल्या मुलाला मात्र पुढे विचार आणि भाषा दोन्ही एकदम शिकावे लागतात. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘नाहीतर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द ज्या घरात दिवसभर फिरत असतात त्या घरातलं मूल वर्गात कुठल्याही भाषेतलं स्पष्टीकरण धरू शकतं. भाषेचं खरं बळ नामांत कमी आणि या जोडणाऱ्या शब्दांत जास्त असतं. आणि नेमकं तेच त्या बोलीतून गळून पडतं.

मूळ कॅनडातल्या संशोधनातून पुढे आलेला जिम कमिन्स यांचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. १९७९ पासून ते मांडत आले आहेत की, माणसाच्या दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. वरून त्या निराळ्या दिसतात, पण अर्थ लावणं, गोष्टीचा क्रम पकडणं, तुलना करणं, वाचलेल्यातून न सांगितलेलं ओळखणं ही कौशल्यं दोघींची सामाईक असतात. एका भाषेत ती पक्की झाली की दुसरीत उतरतात. कमिन्स यांनी आणखी एक भेद केला. रोजच्या संभाषणापुरती भाषा मूल तुलनेनं लवकर उचलतं. पुस्तकाची, अभ्यासाची भाषा यायला कित्येक वर्षं लागतात. पालकांचा घोटाळा होतो तो इथेच. ज्युनिअर केजीतलं मूल पाहुण्यांसमोर चार इंग्रजी वाक्यं घडाघडा म्हणतं, आणि घरच्यांना वाटतं काम झालं. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाचा धडा इंग्रजीतून समजेनासा झाला की तेच मूल पाठांतराकडे वळतं, आणि मग दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. बोलण्यातलं इंग्रजी होतं, अर्थाला आधार देणारी भाषा कुठलीच पुरेशी वाढली नव्हती, हे कुणी तपासत नाही.

घरात इंग्रजीची सक्ती झाली की आणखी एक गोष्ट घडते आणि कोल्हापूरसारख्या भागात तिची किंमत मोठी आहे. इथे अजून पुष्कळ घरांत आजी-आजोबा सोबत राहतात, किंवा राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लजकडच्या गावी मुलं सुट्टीला जातात. घरातलं सगळ्यात जास्त, सगळ्यात निवांत आणि सगळ्यात रंगवून बोलणारं माणूस म्हणजे बहुधा आजी. तिच्याजवळ म्हणी आहेत, उखाणे आहेत, जोतिबाच्या यात्रेच्या हकिगती आहेत, पुराच्या वर्षांच्या आठवणी आहेत. तिची कोल्हापुरी मराठी रांगडी असेल, पुस्तकी नसेल; पण ती पूर्ण भाषा आहे, तिच्यात सगळे काळ आहेत, सगळ्या अटी आहेत, राग-लोभाच्या सगळ्या छटा आहेत. ‘घरात इंग्रजीतच बोलायचं’ असा नियम झाला की ही बाई गप्प होते. सून तिला सांगते, ‘आई, त्याच्याशी जरा इंग्लिश वर्ड्स वापरा,’ आणि आजी नातवाशी बोलताना अडखळू लागते. भाषेच्या दृष्टीनं घरातला सर्वांत श्रीमंत माणूस आपण स्वतःहून मुलापासून लांब केलेला असतो.

आकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या बाजूनं दिसते. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन वाचायला दिलं जातं. २०२२ च्या पाहणीत देशभरातल्या पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम पाव मुलांना, म्हणजे २४.५ टक्के मुलांना, साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्येही आकडा जवळजवळ हाच होता. मधल्या काळात इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, क्लास वाढले, मोबाइल घरोघरी पोचले. पाचवीचा आकडा हलला नाही. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांचं दुसरीच्या पातळीचं वाचन २०१८ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते करोनाच्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास घसरलं. बहुतेकांसाठी हे वाचन मराठीचं आहे. जी मुलं घरच्या भाषेतला दुसरीचा उतारा वाचून अर्थ लावू शकत नाहीत, त्यांच्याकडून इंग्रजी वाक्याची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? वाचन म्हणजे काय असतं, अक्षरांच्या रांगेतून अर्थ बाहेर येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे माणूस एकदाच शिकतो. ते ओळखीच्या भाषेत शिकणं सोपं जातं, कारण वाचलेला शब्द कानाला आधीच माहीत असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलं आहे, ते याच कारणासाठी.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप येतो तो वयाचा. लहानपणी मूल भाषा पटकन उचलतं, मग जितक्या लवकर इंग्रजी तितकं चांगलं, असं बहुतेकांना वाटतं. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी मँडरिन चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली. बारा बैठका झाल्या, प्रत्येक बैठक पंचवीस मिनिटांची. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. समोरासमोर खेळलेली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्यावर पाहिलेल्या आणि नुसतं ऐकलेल्या बाळांत काहीच फरक पडला नाही. लहान मूल भाषा उचलतं हे खरं, पण ते माणसाकडून उचलतं. त्याच्याकडे पाहणाऱ्या, त्यानं बोट दाखवलं तिकडे वळणाऱ्या, त्याच्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. जेवताना समोर मोबाइल धरून इंग्रजी बडबडगीतं लावली की पोरगं आपोआप इंग्रजी शिकेल, या समजुतीला या प्रयोगानंतर फारसा आधार उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, कमी असेल तर अधिक चांगलं असंही सांगितलं. दोन वर्षांखालच्या मुलांना तर नकोच.

दुसरा पुरावा स्पेनमधल्या बार्सिलोनाचा आहे आणि तो आपल्या परिस्थितीच्या फार जवळचा आहे. तिथली मुलं आधीच कातालान आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत वाढतात. इंग्रजी त्यांना शाळेत मिळतं, रस्त्यावर मिळत नाही. तिथल्या शिक्षणव्यवस्थेत बदल झाला तेव्हा काही मुलांचं इंग्रजी आठव्या वर्षी सुरू झालं, काहींचं अकराव्या. कार्मेन मुन्योझ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. तितकेच तास शिकल्यावर उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे होती. लवकर सुरुवात करण्याचा फायदा होतो तो आजूबाजूला ती भाषा दिवसभर वाहत असेल तिथे. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घरातलं मूल इंग्रजी शिकतं ते मैदानावर, बसमध्ये, शेजाऱ्यांत. घरात आईवडील मराठी बोलत राहिले म्हणून त्याचं इंग्रजी अडत नाही. तिथले पालक उलट मराठी टिकवण्यासाठी मराठी शाळांत मुलांना आवर्जून पाठवतात. कोल्हापुरात आठवड्याला काही तास इंग्रजी मिळणाऱ्या मुलाला वयाचा तो फायदा मिळत नाही. त्याला मिळतो तो समजेचा फायदा, आणि समज वाढते ती घरच्या भाषेत. याचा अर्थ इंग्रजी उशिरा सुरू करा असा नाही. चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी ऐकायला आवडतं, गाण्याची लय आवडते, ते जरूर द्यावं. घाई मात्र नको. दोन-तीन वर्षांचं मूल अजून इंग्रजी बोलत नाही म्हणून क्लास लावण्यापेक्षा त्याच्याशी घरी किती बोललं जातं ते मोजावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण नव्हतं त्यांच्यासाठी इंग्रजी ही सुटकेची वाट होती आणि आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. मराठीचं महत्त्व सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत आणि उपदेश मात्र दुसऱ्यांना, ही तक्रार खोटी नाही. ती पूर्णपणे मान्य करूनच पुढे जायला हवं. मी इथे शाळेचं माध्यम कोणतं असावं हे सांगत नाही. तो निर्णय पालकांचा आहे, आणि २०१४ मध्ये कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही मातृभाषेचं माध्यम राज्याला लादता येणार नाही असं सांगितलं. माझा मुद्दा कोणत्याही शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घराबद्दल आहे. आणि न्यायाच्या बाजूनं पाहिलं तर तो अधिकच लागू पडतो. ज्या घरात इंग्रजी नाही त्या घराला आपण ‘इंग्रजीत बोला’ असं सांगतो तेव्हा त्याला काय सांगत असतो? तुमच्याजवळ मुलाला देण्यासारखं काही नाही, असं. उद्यमनगरातल्या फौंड्रीत काम करणारा बाप आणि पहाटे उठून डेअरीला दूध घालणारी आई यांच्याजवळ असलेली एकमेव भाषिक संपत्ती आपण निकामी ठरवतो. मग क्लासच्या फीशिवाय त्यांच्या हातात काही उरत नाही. मराठीतलं भरपूर बोलणं इंग्रजीच्या कामी येतं, हे त्यांना पुराव्यानिशी सांगणं हीच त्यांच्या बाजूनं उभं राहण्याची रीत आहे.

कोल्हापूरनं हा प्रश्न पूर्वी एकदा शहाणपणानं हाताळला आहे. राजर्षी शाहू महाराजांचं शिक्षण राजकोट आणि धारवाडला इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली झालं. इंग्रजीचं मोल त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती. १९०१ पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं उभी केली, ती खेड्यातल्या मुलांना शहरात राहून इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकता यावं म्हणून. पण १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा संस्थानचा पैसा गावोगावच्या देशी भाषेच्या शाळांवर गेला. एकाच राजानं दोन्ही केलं आणि त्यात त्याला विसंगती दिसली नाही. पुढे १९८५ मध्ये याच शहरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मराठी माध्यमाच्या त्या शाळेनं मुलांचा अनुभव, त्यांचे प्रश्न, त्यांचं स्वतःचं बोलणं-लिहिणं यांना शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं. लीलाताई २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या कामातून पालकांनी घ्यावी अशी गोष्ट सरळ आहे: मुलाला सांगण्यासारखं काही असलं की भाषा वाढते, आणि सांगण्यासारखं काही मिळतं ते पाहण्यातून, करण्यातून, विचारण्यातून.

आता घरातल्या त्या छोट्या इंग्रजी जागेबद्दल. तिथे सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे चित्रांचं पातळ पुस्तक. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतल्या असंख्य चित्रगोष्टी मोफत मिळतात. तूलिकासारख्या प्रकाशनांची दोन भाषांतली पुस्तकं आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनानं मराठीत चित्रपुस्तकांची मोठी परंपरा उभी केली आहे, आणि माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तर कुठल्याही घरात असावीत. १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे. वाचनालयाची वर्गणी क्लासच्या फीपेक्षा पुष्कळच कमी असते. पुस्तक कसं वाचायचं हे महत्त्वाचं. १९८८ मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं, की वाचताना नुसतं वाचू नका. मुलाला विचारा, त्याच्या उत्तरात थोडी भर घाला, हळूहळू गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्या. महिनाभरात त्या मुलांची भाषा बाकीच्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्या घरात हे दोन भाषांत करता येतं. आधी गोष्ट मराठीत सांगावी, चित्रांवर भरपूर बोलावं: ‘हा मुलगा का लपलाय? आता आई काय म्हणेल? तू असतास तर?’ गोष्ट अंगात मुरली की तीच इंग्रजीत वाचावी. मुलाला अर्थ माहीत असतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष आवाजाकडे आणि वाक्याकडे जातं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावं, मोठ्यांना कंटाळा आला तरी. आठ-दहा वेळा ऐकल्यावर मूल वाक्य स्वतः पूर्ण करू लागतं, आणि ते पूर्ण इंग्रजी वाक्य असतं, मराठीत टाकलेला इंग्रजी शब्द नसतो.

त्याच धर्तीवर रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगापुरती काही पूर्ण वाक्यं घरात आणता येतात. शाळेला निघतानाची, अंघोळीची, झोपतानाची. ‘व्हेअर इज युवर बॅग?’ ‘इट्स ऑन द चेअर.’ आईनं ती मुलाबरोबरच शिकावी, शाळेतल्या बाईंकडून नीट म्हणून घ्यावी. प्रसंग रोज तोच असल्यानं अर्थ सांगावा लागत नाही. मुलानं ‘इट इज ऑन चेअर’ म्हटलं तर ‘चुकलास’ म्हणू नये. आपण ‘हो, इट्स ऑन द चेअर’ म्हणून पुढे जावं. योग्य रूप पुन्हा कानावर पडलं की मूल स्वतः सुधारतं, टोकलं की गप्प बसतं. एक पिढी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला समोर ठेवून घरबसल्या इंग्रजी शिकली, ती मराठी वाक्यावर घट्ट पाय रोवून. भाषांतराची ती कवायत लहान मुलांसाठी नाही, पण घरच्या भाषेतून इंग्रजीकडे जाण्यात कमीपणा नाही, हे ती पिढी जाणत होती.

उच्चाराची भीती अनेक पालकांना गप्प करते. ‘आमचा उच्चार चुकीचा, मग मुलाचाही बिघडेल.’ ही भीती जरुरीपेक्षा मोठी आहे. मूल उच्चार अनेक ठिकाणांहून गोळा करतं, आणि गोष्ट वाचून दाखवताना आईच्या तोंडी आलेला मराठी ‘व’ त्याचं काही वाईट करत नाही. इथे मराठीनं दिलेल्या सोयींकडेही लक्ष द्यावं. आपली बाराखडी म्हणताना मूल ‘क’मधून वेगवेगळे स्वर फिरवत असतं, व्यंजन आणि स्वर वेगळे काढता येतात हे त्याला नकळत समजतं. जोडाक्षरांमुळे ‘स्कूल’, ‘स्टेशन’ त्याच्या जिभेवर सरळ येतात, आधी ‘इ’ लावावा लागत नाही. अंताक्षरीत ते शब्दाचं शेवटचं अक्षर पकडायला शिकतं. अडचण येते ती इंग्रजी लिपीत, कारण तिथे सव्वीस अक्षरांना सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचं काम करावं लागतं आणि अक्षराचं नाव व त्याचा आवाज वेगळा असतो. म्हणून ‘ए फॉर ॲपल’ पाठ करून घेण्याआधी आवाजाचे खेळ खेळावेत. ‘पतंग, पेन, पप्पा, पिशवी: सगळ्यांच्या सुरुवातीला कोणता आवाज?’ हा खेळ लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी घेतानाही चालतो. मग केएमटीच्या बसवर, बिस्किटाच्या पुड्यावर, दुकानाच्या पाटीवर तो आवाज शोधायचा. फोनिक्सचे क्लास हेच करतात. घरात ते फुकट आणि अधिक वेळा होतं.

‘आम्हाला वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न खरा आहे. शिफ्टचं काम, शेती, गुरं, दुकान यांतून निवांत तास कुणाला मिळत नाही. पण मराठीत बोलायला वेगळा तास लागत नाही. भाकरी थापताना, गाडीवरून जाताना, धार काढताना बोलता येतं. फक्त हुकूम कमी आणि प्रश्न जास्त हवेत. ‘जेवलास काय?’ याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं; ‘शाळेत आज कोण रडलं आणि का?’ याचं उत्तर पाच मिनिटं चालतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची आई ‘मला त्याचा अभ्यास घेता येत नाही’ म्हणते तेव्हा तिलाही हेच सांगायला हवं. धडा झाडाच्या भागांचा असेल तर परसातलं जास्वंदीचं झाड दाखवून मुलाला म्हणावं, ‘शाळेत काय शिकवलं ते मला मराठीत समजावून सांग.’ समजावता आलं तर धडा कळला आहे. समजावता आलं नाही तर इंग्रजी उत्तर पाठ असूनही कळलेला नाही. ही परीक्षा अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा घेऊ शकते.

मग ज्या घरात आईवडील खरोखर सफाईनं इंग्रजी बोलतात त्यांनी काय करावं? त्यांनी जरूर बोलावं. कसोटी एकच ठेवावी: या भाषेत मला मुलावर रागावता येतं का, त्याची समजूत काढता येते का, झोपताना गोष्ट रचता येते का? येत असेल तर ते इंग्रजी मुलाला पूर्ण भाषा म्हणूनच मिळेल. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं ही समजूतही सोडून द्यावी. निपाणी-बेळगावकडची मुलं मराठी, कन्नड आणि पुढे इंग्रजी सहज वागवतात. अशा इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं पुढे जाताना दिसतात आणि इतर पालक म्हणतात, बघा, घरी इंग्रजी बोलल्यानं झालं. पण त्या घरात पुस्तकं असतात, सवड असते, मुलाच्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देण्याची सवय असते. त्यातली सवय कुठल्याही घराला आपल्या भाषेत उचलता येते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासन निर्णय आला आणि विरोधानंतर जूनअखेर मागे घेतला गेला. लहान मुलावर किती भाषा आणि कधी, यावर तेव्हा महाराष्ट्रात निदान मोठ्यानं चर्चा झाली. तितकीच चर्चा पूर्वप्राथमिक वर्गांत काय चालतं यावर व्हायला हवी. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात चाररेघी वही देऊन इंग्रजी अक्षरं गिरवायला लावणं, स्पेलिंगची पाठांतरं, त्यावरचा गृहपाठ, हे सगळं घराच्या त्या थोड्याशा वेळावर आक्रमण करतं; जो वेळ गोष्टीत गेला असता तो रडारडीत जातो. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत शाळांनी ‘घरी इंग्रजीत बोला’ या सूचनेच्या जागी तीन कामं द्यावीत. रोज एक गोष्ट घरच्या भाषेत सांगा. आठवडाभर पुरेल असं एक इंग्रजी चित्रपुस्तक आम्ही देऊ, ते मुलासोबत वाचा. आणि शनिवारी मुलाला विचारून आम्हाला कळवा, की त्याला त्या पुस्तकातलं काय आवडलं. पुस्तकांची एक पेटी प्रत्येक बालवाडीला परवडते. ज्या पालकांना वाचून दाखवता येत नसेल त्यांच्यासाठी बाईंनी ते पुस्तक फोनवर वाचून पाठवावं, आणि आईनं मुलाला मांडीवर घेऊन पानं उलटत ते त्याच्याबरोबर ऐकावं.